स्टेशनपासून फक्त दहा मिनिटं!

मुंबईतल्या घरांच्या जाहिरातींमधली सगळ्यात मोठी थाप कुठली, माहितीये? ‘सी-फेसिंग’? ‘फुल्ली फर्निश्ड’? छे! सगळ्यात मोठी थाप म्हणजे ‘स्टेशनपासून फक्त दहा मिनिटं’. ही दहा मिनिटं कुणाची, कशाने आणि किती वाजताची, हे त्यात कधीच लिहिलेलं नसतं. मीही विचारलं नव्हतं. मग ती दहा मिनिटं मला चांगली सात महिने पुरली!

त्याचं असं झालं. नोकरी लागली लोअर परळला. साताऱ्याहून आलेली मी, पहिले दोन महिने दादरला आईच्या मावसबहिणीकडे काढले. कुणाकडे दोन महिने पाहुणी म्हणून राहणं म्हणजे जरा जास्तच होतं, नाही का? मग घरं बघायला लागले. दादर-परळची भाडी ऐकून आधी हसू आलं, मग रडू. ठाण्यात राहिले असते तर अर्धा पगार भाड्यातच गेला असता. अशात बदलापूरचा एक वन बीएचके समोर आला. भाडं 8,000. मागे हिरवागार डोंगर आणि हॉलमध्ये असा वारा, की भिंतीवरचं कॅलेंडर फडफडतंय. डोंबिवलीत याच्या निम्म्या जागेला, एका वन रूम किचनला, 13,000 सांगत होते. म्हणजे महिन्याला पाच हजारांची बचत! ब्रोकर म्हणाला, “मॅडम, असं घर परत मिळणार नाही.” रविवारी दुपारी बारा वाजता मी घर बघितलं आणि संध्याकाळी टोकन देऊन मोकळी झाले.

रविवारी, दुपारी बारा वाजता. माझी पहिली चूक हीच.

सोमवार उजाडला...

ब्रोकरची दहा मिनिटं त्याच्या बाइकवरची होती, तीही रिकाम्या रस्त्यावरची. सोमवारी सकाळी शेअर रिक्षाच्या रांगेत पंधरा मिनिटं, रिक्षात पंधरा मिनिटं आणि त्यानंतर गाडी. मध्य रेल्वेचं गणित साधं आहे. कल्याणला तिला दोन फाटे फुटतात, एक कसाऱ्याकडे आणि दुसरा कर्जतकडे. त्यामुळे कल्याणच्या अलीकडे जितक्या लोकल मिळतात, तितक्या पलीकडे मिळत नाहीत. डोंबिवलीला एक गाडी चुकली तर मागून दुसरी येतेच. बदलापूरला चुकली की ऑफिसात लेट मार्क! सीएसएमटीपासून डोंबिवली 48 किलोमीटर, बदलापूर 68. नकाशावर वीस किलोमीटर म्हणजे बोटभर. दारात लटकून केलेले वीस किलोमीटर मात्र पायांना कळतात.

एका रात्री झोप येईना, म्हणून कागदावर हिशोब मांडला. डोंबिवलीच्या घराच्या तुलनेत रोज जाऊन-येऊन दोन तास जादा. महिन्याचे 24 दिवस धरले तर 48 तास, म्हणजे अख्खे दोन दिवस! वाचवलेल्या पाच हजारांतून शेअर रिक्षाचे रोजचे चाळीस, म्हणजे 960 वजा. रात्री उशीर झाला की अख्खी रिक्षा करावी लागायची, त्याचे साधारण हजार वजा. पासातला फरक सोडूनच द्या. उरले तीन हजार. त्याला 48 ने भागलं. बॉस, मी माझा एक तास त्रेसष्ट रुपयांना विकत होते! आणि विकायची काही गरज नव्हती.

हिशोब कळला तरी घर सोडलं नाही. डोंगर होता ना! खरा डोळा उघडला तो आईने. सहाव्या महिन्यात ती आठ दिवस राहायला आली. मी पहाटे उठून पावणेसातला बाहेर, रात्री नऊनंतर घरात. पाचव्या दिवशी ताट वाढताना ती म्हणाली, “अगं, तू इथे राहतेस कुठे? नुसती झोपायला येतेस. ज्या डोंगराचं फोनवर इतकं कौतुक करत होतीस, तो मीच बघतेय रोज.” हसत म्हणाली, पण घास घशाशी अडकला. रविवारी दिवसभर झोपून काढायचे, मैत्रिणींना ‘पुढच्या वीकएन्डला नक्की’ म्हणायचे. नोकरी करून स्वतःच्या पायावर उभी राहिले होते खरी, पण ते पाय फक्त फलाटावरच उभे असायचे.

शंभराचा स्टॅम्पपेपर

पुढचा धक्का महिन्याभरात बसला. “मुलाचं लग्न ठरलंय, पुढच्या महिन्यात जागा रिकामी करून द्या,” घरमालकांचा फोन. मी म्हटलं, “अहो काका, आपलं अकरा महिन्यांचं ठरलंय ना?” ते म्हणाले, “ते काय, आपसातलं आहे.” बरोबरच होतं त्यांचं. ‘कशाला उगीच खर्च’ म्हणून शंभराच्या स्टॅम्पपेपरवर दोन सह्या झाल्या होत्या. नोंदणी नाही. चाळीस हजार डिपॉझिटपैकी पंधरा हजार रोख दिले होते, पावतीशिवाय. परत मिळाले पंचवीस. बाकीचे म्हणे ‘रंगकामाचे’.

नंतर कळलं, की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अ‍ॅण्ड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं असल्याचं मालकाला सिद्ध करावं लागतं. म्हणजे बाजू माझी होती, ठाऊक मात्र मला नव्हती! आता तर ही नोंदणी ऑनलाइन होते. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, महापालिकेच्या हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. एवढे पैसे वाचवायला मी पंधरा हजार घालवले. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून बँकेत घातलेल्या फेऱ्या वेगळ्याच.

आधी गाडी, मग घर

दुसऱ्यांदा घर शोधताना उलटं सुरू केलं. आधी ऑफिसपर्यंतची गाडी ठरवली, मग त्या गाडीचं स्टेशन आणि सगळ्यात शेवटी घर. डोंबिवली पूर्वेला एक वन रूम किचन सापडलं. बघायला गेले बुधवारी सकाळी साडेआठला आणि पुन्हा रात्री साडेदहाला. घड्याळ लावून, चालत. नऊ मिनिटं. रस्त्यावर दिवे, मेडिकलचं दुकान उघडं, कोपऱ्यावर भेळवाला. भाडं ठरलं 12,500. खिडकीतून शेजारच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे दिसतात. पण डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलही आहेत, त्यामुळे लवकर पोहोचलं तर कधीकधी चक्क बसायला मिळतं. पावणेआठला घरी असते. कुकर लावते. परवा तर मैत्रिणींना मंगळवारी जेवायला बोलावलं होतं. मंगळवारी!

याचा अर्थ बदलापूर वाईट असा मुळीच नाही. तुमचं ऑफिस अंबरनाथ-कल्याणला असेल, किंवा आठवड्यात दोनच दिवस जावं लागत असेल, तर माझा हिशोब उलटा फिरतो आणि तो डोंगर तुमचा! ऐरोली-महापेवाल्यांनी ठाण्याला गाडी बदलण्याचा वेळ धरावा, बीकेसीवाल्यांनी कुर्ल्याला उतरून पुढच्या रिक्षाच्या रांगेचा. पनवेल स्वस्त वाटतं, पण हार्बरवर फास्ट लोकल नाही, प्रत्येक स्टेशन घेत जावं लागतं. आणि विरार-नालासोपाऱ्याचं घर ठरवण्याआधी तिथली सकाळची गाडी एकदा पकडून बघा. फक्त एकदा!

टोकन देण्याआधी

• घर दोनदा बघा: कामाच्या दिवशी, तुमच्या गाडीच्या वेळेला आणि रात्री परतायच्या वेळेला.

• पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ, हे ब्रोकरला नाही, खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारा.

• पावसाळ्यात काय होतं तेही विचारा. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि प्रवाशांना बोटींतून काढावं लागलं. नदी, नाला, तळमजला, सगळं बघून घ्या.

• मेंटेनन्स भाड्यात धरलाय का? सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल जो नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते, तो कोण भरणार? हे आधीच लिहून घ्या.

• सोसायटीला एकट्या मुली किंवा बॅचलर्स चालतात का, हे सामान हलवल्यावर नाही, आधी विचारा.

• डिपॉझिट चेकने किंवा ऑनलाइनच. करार नोंदवलेला हवा, आणि घर सोडायची नोटीस दोन्ही बाजूंना किती दिवसांची, ते त्यात हवं. घरात शिरताना भिंतींचे, नळांचे फोटो काढून मालकांना पाठवून ठेवा.

मागच्या महिन्यात आई पुन्हा आली. एका खोलीत दोघींची अडचणच होते, फोल्डिंगची कॉट उघडली की दार उघडत नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाजी आणायला दोघी चालत फडके रोडला गेलो, येताना गप्पा मारत बसलो. ती घराबद्दल काहीच बोलली नाही. फक्त निघताना म्हणाली, “पुढच्या वेळी पंधरा दिवसांसाठी येते.”