ठप्प यंत्रणेचा न्याय

११ मे २०००, गुरुवार. बंदूक विकत घेणाऱ्याचा पूर्वेतिहास पडताळून पाहणारी अमेरिकेच्या एफबीआयची संगणकप्रणाली त्या दिवशी कोलमडली आणि देशाच्या मोठ्या भागातील परवानाधारक दुकानांत बंदुकांची विक्री थांबली. ग्राहक समोर उभा, अर्ज भरलेला, पैसे तयार, दुकानदाराचीही ना नाही. परंतु पलीकडून ‘विका’ किंवा ‘विकू नका’ असे सांगणारे कोणी नाही. प्रणाली पूर्ववत होईपर्यंत आठवडाअखेर उजाडली. योगायोग असा, की त्याच रविवारी, मातृदिनी, बंदुकांवर कठोर निर्बंध हवेत या मागणीसाठी वॉशिंग्टनच्या मॉलवर ‘मिलियन मॉम मार्च’ भरला होता. संशय घेऊ इच्छिणाऱ्यास एवढे पुरेसे ठरावे.

हा प्रकार एकदाच घडून संपला, असे नाही. २३ नोव्हेंबर २०१२ रोजी, थँक्सगिव्हिंगनंतरच्या खरेदीच्या शुक्रवारी, एका दिवसात दीड लाखाहून अधिक विचारणा आल्या आणि ही प्रणाली दोनदा काही मिनिटांसाठी बंद पडली. काही मिनिटेच, हे खरे. परंतु यंत्रणा दोन दिवस थांबो वा पाव तास, प्रश्न एकच राहतो. राज्यघटनेने दिलेला हक्क बजावण्यासाठी सरकारच्या यंत्राची संमती लागत असेल आणि ते यंत्रच मुके झाले, तर काय समजायचे? होकार की नकार?

भारतीय वाचकास हा प्रश्न काहीसा चैनीचा वाटेल. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीचा परवाना ही प्रशासनाच्या मर्जीची बाब आहे. त्यासाठी महिनोन् महिने पोलिस ठाण्याचे आणि जिल्हाधिकारी कार्यालयाचे उंबरठे झिजवावे लागतात, आणि त्याबद्दल फारसे कोणी हळहळतही नाही. अमेरिकेत स्थिती उलट आहे. घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीतील शस्त्राचा हक्क हा व्यक्तीचा हक्क आहे, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ‘हेलर’ खटल्यात दिला. तेव्हापासून दुकानाच्या फळीवरचा खोळंबा हा केवळ व्यापाराचा खोळंबा उरलेला नाही.

या यंत्रणेचा जन्म समजून घेतल्याशिवाय आजचा वाद उलगडत नाही. मार्च १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्यावर झालेल्या हल्ल्यात त्यांचे वृत्तसचिव जेम्स ब्रॅडी यांच्या डोक्यात गोळी लागली व ते कायमचे अपंग झाले. त्यांच्या नावाचा कायदा होण्यास १९९३ चा नोव्हेंबर उजाडावा लागला. त्या कायद्याने प्रारंभी पिस्तुलाच्या खरेदीसाठी पाच दिवसांपर्यंतची प्रतीक्षा घातली आणि खरीददाराची चौकशी स्थानिक पोलिसप्रमुखांवर सोपविली. संघराज्य सरकार राज्यांच्या अधिकाऱ्यांना असे कामाला जुंपू शकत नाही, असे सांगून १९९७ मध्ये ‘प्रिंट्झ’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील चौकशीची सक्ती रद्द केली. पुढे ३० नोव्हेंबर १९९८ रोजी ‘निक्स’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी राष्ट्रीय तात्काळ पडताळणी प्रणाली सुरू झाली आणि केंद्रीय कायद्यातील सक्तीची प्रतीक्षा संपली.

येथे एक गोष्ट सहसा विसरली जाते. प्रतीक्षेऐवजी ‘तात्काळ’ पडताळणी असावी, हा आग्रह बंदूकविरोधकांचा नव्हता. तो नॅशनल रायफल असोसिएशनचा होता. व्हर्जिनिया राज्याने १९८९ मध्येच तशी पद्धत सुरू केली होती आणि संपूर्ण देशाने तीच स्वीकारावी, असे बंदूकधारकांच्या या बलाढ्य संघटनेचे म्हणणे होते. प्रामाणिक नागरिकाने पाच दिवस का थांबावे, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. परंतु पाच दिवस थांबण्यासाठी संगणक लागत नाही. पाच मिनिटांत उत्तर देण्यासाठी लागतो. तो बंद पडणे हा या निवडीचाच एक भाग होता, आणि निवड करणाऱ्यांनी तो तेव्हा हिशेबात धरला नाही.

प्रणालीचे काम ऐकायला सोपे आहे. खरीददार ठरावीक अर्ज भरतो. दुकानदार दूरध्वनीवरून किंवा संगणकावरून वेस्ट व्हर्जिनियातील क्लार्क्सबर्ग येथील एफबीआयच्या केंद्राशी संपर्क साधतो. तेथे तीन माहितीसाठ्यांत नाव शोधले जाते. निम्म्याहून अधिक राज्यांत हे काम एफबीआय करते. पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा, कोलोरॅडो, व्हर्जिनिया अशा राज्यांत राज्याची स्वतःची यंत्रणा मध्ये असते, म्हणजे बंद पडू शकणाऱ्या दुव्यांत आणखी एकाची भर. नाताळचा एक दिवस सोडला तर हे केंद्र वर्षभर, दिवसाचे सतरा तास चालू असते. दहापैकी सुमारे नऊ जणांना लगेच उत्तर मिळते. नकार मिळणाऱ्यांचे प्रमाण एक-दीड टक्क्याच्या आसपास. उरलेल्यांच्या वाट्याला ‘विलंब’ येतो, म्हणजे नाव कोठेतरी अडकले आहे, कागद तपासावे लागतील.

आणि येथेच कायद्याची मोठी गंमत आहे. ‘विलंब’ सांगितल्यानंतर कामकाजाचे तीन दिवस उलटले आणि एफबीआयकडून काहीच कळले नाही, तर दुकानदारास बंदूक विकण्याची मुभा आहे. सरकारच्या मौनाचा अर्थ होकार.

त्या मौनाची किंमत चार्ल्सटनने मोजली. एप्रिल २०१५ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील एका तरुणाने पिस्तूल घेण्यासाठी अर्ज केला. अमली पदार्थ बाळगल्याच्या प्रकरणातील त्याच्या अटकेची नोंद प्रणालीत दिसत होती, म्हणून उत्तर ‘विलंब’ असे आले. अटक कोलंबिया शहराच्या पोलिसांनी केली होती. नोंद मात्र लेक्सिंग्टन परगण्याकडे बोट दाखवीत होती. क्लार्क्सबर्गमधील तपासनीस योग्य पोलिस ठाण्यापर्यंत पोहोचलीच नाही. तीन दिवस संपले, पिस्तूल विकले गेले. १७ जून रोजी त्याने इमॅन्युएल चर्चमध्ये बायबलच्या अभ्यासासाठी जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांची हत्या केली. हे पिस्तूल त्याला मिळता कामा नये होते, असे एफबीआयचे तत्कालीन संचालक जेम्स कोमी यांनी पुढच्याच महिन्यात जाहीरपणे मान्य केले. मृतांचे नातेवाईक व बचावलेले यांच्याशी अमेरिकी न्याय खात्याने २०२१ मध्ये ८ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड केली. संगणक त्या दिवशी व्यवस्थित चालू होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता मे २००० च्या घटनेकडे पुन्हा पाहावे. तीन दिवसांचे घड्याळ सुरू होते ते दुकानदाराने प्रणालीशी संपर्क साधल्यापासून. संपर्कच होत नसेल तर घड्याळ सुरूच होत नाही. याचा अर्थ असा, की यंत्रणेस ज्याच्याविषयी शंका आली आहे त्याला तीन दिवसांनी बंदूक मिळू शकते. ज्याच्याविषयी यंत्रणेने अजून एक शब्दही वाचलेला नाही, त्याला ती दुरुस्त होईपर्यंत मिळत नाही. संशयिताला मुदत आहे, निःसंशयाला नाही. शिवाय दुकानातील विक्री थांबली तरी त्याच राज्यातील दोन खाजगी व्यक्तींमधील व्यवहारास केंद्रीय कायद्यानुसार पडताळणीच लागत नाही. ज्या राज्यांनी स्वतःचे निर्बंध घातलेले नाहीत तेथे बंदुकांच्या जत्रेत परवानाधारकाच्या टेबलावर विक्री थांबलेली असते आणि शेजारच्या टेबलावर हौशी माणूस बिनधास्त विकत असतो. प्रणाली बंद पडल्याचा फटका बसतो तो केवळ नियम पाळणाऱ्यांना.

म्हणून बंदूकधारकांची तक्रार खोटी नाही. विभक्त पतीच्या धमक्यांनी धास्तावलेली एखादी स्त्री कायदेशीर मार्गाने पिस्तूल घेऊ पाहते, तेव्हा ‘उद्या या’ हे उत्तर तिच्यासाठी क्षुल्लक नसते. शस्त्र बाळगून फिरण्याच्या परवान्यांसंबंधी २०२२ च्या ‘ब्रूएन’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने एका तळटीपेत म्हटले आहे, की प्रदीर्घ प्रतीक्षा व अवाजवी शुल्क यांमुळे सामान्य नागरिकाचा हक्कच नाकारला जात असेल, तर त्यास आव्हान देता येईल. यंत्रणेच्या नादुरुस्तीलाही हाच न्याय लावावा, असे कोणी उद्या म्हणाले तर ते हास्यास्पद ठरणार नाही.

पण त्यावरचा उपाय म्हणून ‘यंत्रणा बंद असेल तर विक्री होऊ द्या’ असे सुचविणे म्हणजे चार्ल्सटनची वाट आणखी रुंद करणे होय. त्याच स्त्रीच्या पतीविरुद्ध न्यायालयाचा संरक्षण आदेश असेल, तर त्याला बंदूक मिळू नये यासाठीही हीच प्रणाली उभी आहे. अशांना निःशस्त्र करणे घटनेशी सुसंगत आहे, हे २०२४ मध्ये ‘रहिमी’ खटल्यात आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ठरले. नादुरुस्तीच्या काळात सरसकट विक्री खुली झाली तर नकार मिळण्याची भीती असलेला प्रत्येक जण त्या तासाची वाट पाहील. दुसऱ्या बाजूस, बंदुका कमी खपल्या तर बिघडले कुठे, असे म्हणून स्वस्थ बसणाऱ्या निर्बंधवाद्यांची भूमिकाही सरळ नाही. निर्बंध हवे असतील तर ते विधिमंडळात संमत करून घ्यावेत. बिघडलेल्या सर्व्हरला धोरण म्हणता येत नाही.

खरी अडचण पैशाची आणि शिस्तीची आहे. ‘निक्स’ची पडताळणी एफबीआयतर्फे विनामूल्य होते, त्यासाठी शुल्क आकारू नये, असे बंधन काँग्रेसने १९९८ मध्येच घातले. २०२० च्या मार्चमध्ये, महासाथीच्या धास्तीने, एका महिन्यात ३७ लाखांवर विचारणा आल्या आणि त्या संपूर्ण वर्षात सुमारे ३ कोटी ९७ लाख. (विचारणा म्हणजे विक्री नव्हे, परवान्यांच्या फेरतपासण्याही त्यात येतात.) एवढा भार वाहणाऱ्या यंत्रणेसाठी वापरकर्त्याकडून एक डॉलर घ्यायचा नाही, आणि ती थांबली की हक्कभंगाची ओरड करायची, हे दोन्ही एकाच तोंडाने शोभत नाही.

माहितीचे तर त्याहून वाईट. व्हर्जिनिया टेकमध्ये २००७ मध्ये ३२ जणांना मारणाऱ्या विद्यार्थ्यास न्यायालयाने पूर्वी मानसिकदृष्ट्या धोकादायक ठरविले होते, पण ती नोंद प्रणालीपर्यंत गेली नव्हती. टेक्सासमधील सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये २०१७ मध्ये गोळीबार करणाऱ्या माजी सैनिकाची कौटुंबिक हिंसाचाराबद्दलची शिक्षा हवाई दलाने कळविलीच नव्हती. दोन्ही वेळा नंतर कायदे झाले. फ्लोरिडात तर फेब्रुवारी २०१६ पासून वर्षाहून अधिक काळ, संबंधित कर्मचाऱ्यास प्रणालीत प्रवेश करता येत नव्हता एवढ्याच कारणाने, शस्त्र बाळगण्याच्या परवान्यांच्या अर्जांबाबत ‘निक्स’चे निष्कर्ष पाहिलेच गेले नाहीत, उघडकीस आल्यावर शेकडो परवाने रद्द करावे लागले. तेथे यंत्रणा बंद होती, पण परवाने चालू होते. दुकानात बंद पडली की हाक होते; कार्यालयात बंद पडली तर वर्षभर कोणाला पत्ता नसतो.

आपल्याकडे रास्त भाव दुकानात अंगठा जुळला नाही वा सर्व्हर बंद असला म्हणून शिधा नाकारू नये, अशा सूचना केंद्राला २०१७ मध्ये काढाव्या लागल्या. तेथे शंकेचा फायदा भुकेल्याला देणे योग्यच होते, कारण चुकून दिलेल्या धान्याने कोणी मरत नाही. बंदुकीच्या बाबतीत तो फायदा कोणाला द्यायचा, हे अमेरिकेच्या कायद्याने विलंबासाठी एक आणि नादुरुस्तीसाठी दुसरे ठरवून ठेवले आहे. २०२२ च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील खरीददारांसाठी चौकशीची मुदत दहा दिवसांपर्यंत वाढविता येते. बाकीच्यांसाठी तीन दिवस तसेच आहेत. तीन दिवस उलटूनही उत्तर आले नाही तर विक्री न करण्याचे धोरण वॉलमार्टने स्वतःहून कित्येक वर्षे पाळले आहे, म्हणजे ते अशक्य नाही. काँग्रेसने ती मुदत सर्वांसाठी वाढवावी, त्या बदल्यात प्रणालीला पर्यायी केंद्र व पुरेसे मनुष्यबळ द्यावे, आणि ती किती काळ बंद होती याचा हिशेब एफबीआयकडून व राज्यांकडून दरमहा जाहीर करवून घ्यावा, असा सौदा दोन्ही बाजूंना परवडण्याजोगा आहे. यातील शेवटच्या मागणीसाठी तर घटनेचा अर्थ लावण्याचीही गरज नाही.