दुधातील साखर आणि तिचा हिशेब

दूधभुकटीच्या आयातीची नुसती कुणकुण लागली तरी महाराष्ट्रात मोर्चे निघतात, रस्त्यांवर दूध ओतले जाते, विधिमंडळात आवाज चढतो. त्यामागील वेदना खरी आहे; तिच्याबद्दल आम्ही कोणास दोष देणार नाही. परंतु दुधापासूनच निघालेली दुसरी एक पांढरी भुकटी वर्षानुवर्षे आपल्या बंदरांत उतरत आहे आणि तिच्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. तिचे नाव लॅक्टोज, अर्थात दुग्धशर्करा. आज सकाळी ज्या वाचकांनी डॉक्टरांनी सांगितलेली एखादी गोळी घेतली असेल, त्यांच्यापैकी अनेकांच्या पोटात ती गेलीही असेल.

गोळीतील खरे औषध पुष्कळदा दोन-पाच मिलिग्रॅमच असते. एवढासा कण चिमटीत धरता येत नाही आणि यंत्रात दाबताही येत नाही. त्यास आकार यावा म्हणून ज्या निरुपद्रवी पदार्थांची भर घालतात, त्यांत दुग्धशर्करेचा मान मोठा आहे. ती फारशी गोड नाही, हवेतील ओल सहजी ओढून घेत नाही आणि बहुतेक औषधांशी भांडत नाही. दम्याचे रोगी जी कोरडी पूड श्वासाबरोबर आत ओढतात, तिच्यातील औषध मायक्रोग्रॅमांत मोजावे लागते. बाकीची पूड बहुधा दुग्धशर्करेचीच. होमिओपथीच्या पुड्यांविषयी तर बोलावयासच नको. आईच्या दुधात ही शर्करा शेकडा सात भाग असते, गाईच्या दुधात पाचाच्या आत. म्हणून तान्ह्या मुलांसाठी डब्यात मिळणाऱ्या अन्नातही ती वरून घालतात.

तेव्हा हा माल चैनीचा नव्हे. स्वदेशीच्या आवेशात कोणी त्यावर सरसकट बंदी मागितली, तर गोळ्यांची किंमत वाढेल आणि शेतकऱ्याच्या दुधाचा भाव पैशानेही वाढणार नाही. कारण हा माल मुख्यतः निघतो तो चीजच्या कारखान्यात. दहा लिटर दुधापासून सुमारे एक किलो चीज होते आणि नऊ लिटर निवळी उरते. हॉलंड, जर्मनी, अमेरिका, न्यूझीलंड या देशांत चीज हे रोजचे अन्न. तेथे निवळीचे पाट वाहतात. पूर्वी ती डुकरांना पाजीत किंवा सरळ नाल्यात सोडीत. पुढे नद्या नासू लागल्या, कायदे कडक झाले, आणि निवळीतून आधी प्रथिने व मग शर्करा काढण्याची विद्या तेथे वाढीस लागली. निवळी आटवावयाची, थंड करून तिचे खडे धरू द्यावयाचे, ते धुऊन वाळवावयाचे. औषधासाठी हवी तर पुन्हा विरघळवून, कोळशातून शुद्ध करून पुन्हा खडे पाडावयाचे. आपल्याकडे दूध जगात सर्वांत अधिक. परंतु ते बहुतेक दूध, दही, तूप म्हणूनच खपते. पनीरची निवळी आहे, श्रीखंडाच्या चक्क्यातून गळणारे पाणी आहे. पण ते आंबट, आणि हजार दुकानांत विखुरलेले. दह्याच्या पाण्यातील काही शर्करेचे तर आम्लच होऊन गेलेले असते. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर बारामती, मंचर अशा थोड्या ठिकाणच्या चीजच्या मोठ्या कारखान्यांखेरीज गोड निवळीचा एकत्र साठा सापडणे कठीण.

हे सारे ठीक. पण याचा बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढ्याशी संबंध काय, असे शहरातील वाचक विचारतील. मोताळा तालुक्यातील या गावची पिके म्हणजे कपाशी, सोयाबीन, मका. पावसाने दगा दिला किंवा बाजार पडला की दावणीची गाय-म्हैस हाच रोख पैशाचा आधार. तेथील गोठ्याचा आणि परदेशी भुकटीचा संबंध दूध संकलन केंद्रावरील यंत्रात आहे.

केंद्रावर दूध घेताना दोन गोष्टी पाहतात. एक फॅट आणि दुसरी एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश वगळून उरणारे घन पदार्थ. गाईच्या दुधाचा भाव साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली एकेका पॉइंटाला भाव कापला जातो. आता या साडेआठांपैकी निम्म्याहून अधिक भाग दुग्धशर्करेचाच असतो. म्हणजे दहा लिटर दूध घालणारा शेतकरी रोज सुमारे अर्धा किलो दुग्धशर्करा विकतो. ज्या वस्तूसाठी आपण परदेशाला पैसे मोजतो, तीच वस्तू हा मनुष्य कॅनमधून ओतून जातो आणि तिचे नावदेखील त्याच्या कानी पडत नाही!

खरी मेख यापुढे आहे. पुष्कळ केंद्रांवरील यंत्रे एसएनएफचा आकडा अनुमानाने काढतात. पाणी घातलेल्या दुधात निवळीची भुकटी किंवा दुग्धशर्करा मिसळली की अनुमान चुकते आणि आकडा पुरा भरतो. २०२३ साली त्या वेळच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदे तालुक्यात भेसळीचे जे प्रकरण उघडकीस आले, त्यात निवळीपासून केलेली भुकटी आणि पॅराफिन यांचाच खेळ होता. उन्हाळ्यात हिरवा चारा नसतो, जनावर उपाशी राहते आणि प्रामाणिक शेतकऱ्याच्या दुधाचा एसएनएफ आपोआप उतरतो. त्याचा भाव कापला जातो. भेसळ करणाऱ्याच्या दुधास मात्र बारमाही साडेआठ! शिवाय या खोट्या दुधाने बाजारातील दुधाचा पुरवठा फुगतो आणि खऱ्याचा भाव आणखी खाली येतो, ते वेगळेच.

म्हणून आमची मागणी एवढीच की, आयातीचा हिशेब बंदरावर संपता कामा नये. किती गोण्या आल्या हे सीमाशुल्क खात्याच्या कागदांत असते. औषधाच्या कारखानदाराला आत आलेल्या प्रत्येक कच्च्या मालाची नोंद ठेवणे कायद्याने भागच आहे. राहिली मधल्या व्यापाऱ्याच्या गुदामाची वही. ती या दोन टोकांशी ताडून पाहणे हे अन्न व औषध प्रशासनाला अशक्य आहे काय? भुकटी देशी की परदेशी हा मुद्दा येथे गौण. भेसळीत दोन्ही सारख्याच विरघळतात, तेव्हा नियमही दोहोंस सारखाच हवा. लहान कारखानदारांवर कागदांचा बोजा पडेल, असा आक्षेप येईल. त्यांची एक-दोन गोण्यांची खरेदी वाटल्यास मोकळी ठेवावी. मालमोटारीच्या मालमोटारी कोठे रिकाम्या होतात, हे तरी सरकारास ठाऊक असावे.

दूधभुकटीच्या बाबतीत सरकारी कारभाराचा उजवा हात डाव्या हातास विचारीत नाही, हे आपण पाहिलेच आहे. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले व मिठाईची दुकाने बंद पडली आणि महाराष्ट्र सरकार शिल्लक दूध विकत घेऊन त्याची भुकटी करवीत होते. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्राने दहा हजार टन दूधभुकटी साठ टक्क्यांऐवजी पंधरा टक्के जकातीवर आणण्यास परवानगी दिली. २०२४ च्या जूनमध्ये पुन्हा तसाच निर्णय झाला. दूधभुकटीचे दार उघडताना राज्यांच्या गुदामांत किती साठा पडून आहे, एवढे तरी आधी विचारावयास नको काय? दुग्धशर्करेची गरज खरी आहे. त्या भुकटीची गरज त्या वेळी खरी होती, असे आम्हांस वाटत नाही.

परदेशी मालाचा शहाणपणाने उपयोग कसा करावा, याचा धडा आपण स्वतःच एकदा घालून दिला आहे. १९७० साली ‘दुधाचा महापूर’ योजना सुरू झाली, तेव्हा जागतिक अन्न कार्यक्रमाकडून १ लाख २६ हजार टन भुकटी आणि ४२ हजार टन लोणीतेल देणगीदाखल मिळावयाचे ठरले होते. ते वाटून टाकले नाही. त्यापासून दूध करून मुंबईसह चार महानगरांत विकले आणि तो पैसा दूधसंघ व दुग्धशाळा उभारण्यात घातला. दुग्धशर्करेवर मिळणाऱ्या जकातीतील काही हिस्सा असाच निवळीच्या उद्योगासाठी राखून ठेवता येईल. रोज एक लाख लिटर दुधाचे चीज करणाऱ्या कारखान्याच्या निवळीत सुमारे चार टन दुग्धशर्करा असते. ती काढणारी यंत्रे महाग आहेत आणि एकट्यादुकट्या दूधसंघाच्या आवाक्याबाहेरची आहेत.

मात्र विदर्भात असे कारखाने उभे राहण्यास काळ लागेल, आणि तोवर धामणगाव बढ्यास थांबवून ठेवणे योग्य नव्हे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साह्याने २०१६ साली सुरू झालेल्या विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पात बुलढाणा जिल्ह्याचा समावेश आहे. या प्रकल्पातून जनावरे, चारा, वैद्यकीय सेवा यांवर पैसा खर्च होतो, तो व्हावाच. त्याच पैशातून प्रत्येक शीतकेंद्रावर बाहेरून घातलेली भुकटी ओळखणारी तपासणी ठेवावी, आणि तिचा निकाल एसएनएफच्या आकड्याशेजारीच शेतकऱ्याच्या पावतीवर छापून द्यावा.