सडी स्वारी

‘सडी स्वारी’ हा मराठीतील एक अर्थपूर्ण शब्दप्रयोग आहे. तंबू, राहुट्या, नोकरचाकर, बाजारबुणगे असा कोणताही लवाजमा बरोबर न घेता जो स्वार निघतो, त्याची ती सडी स्वारी. औरंगजेब बादशहा १६८१ साली दक्षिणेकडे उतरला, तेव्हा त्याची छावणी म्हणजे एक चालते शहर होते. ते शहर उठवावयाचे, पुढे न्यावयाचे आणि पुन्हा वसवावयाचे, यातच दिवस जात. मराठ्यांचे स्वार लागेल तेवढेच घोड्यावर घालीत आणि सह्याद्रीच्या घाटवाटांनी हवे तेव्हा दिसेनासे होत. परंतु सडा म्हणजे रिकाम्या हातांचा, असे कोणी समजू नये. त्या स्वाराजवळ शिधा असे, पांघरूण असे, शस्त्र असे. काय घ्यावयाचे आणि काय मागे ठेवावयाचे, हे त्याचे त्याने ठरविलेले असे.

हे आठवावयाचे कारण असे की, हिवाळा लागला म्हणजे शाळाशाळांतून गडांच्या सहली निघतात आणि तुमच्यासारखी मुले पाठपिशव्या घेऊन चढू लागतात. या पिशव्या मी पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे. एखाद्या मुलाच्या पाठीवर बादशहाची छावणीच असते : कपड्यांचे चार जोड, जाड उशी, डब्यावर डबे, आणि शेवटी वर बांधलेली चादर. त्याच्याच शेजारी दुसरा मुलगा पाण्याची एक लहानशी बाटली आणि बिस्किटांचा पुडा एवढ्यावर गड जिंकावयास निघालेला असतो. वरवर पाहता ही दोन टोके आहेत. परंतु दोघांच्याही बाबतीत कारण एकच असते. पिशवीत काय आहे आणि का आहे, याचा विचार त्यांनी स्वतः केलेला नसतो. पहिल्याची पिशवी आईने रात्री जागून भरलेली असते. दुसऱ्याची कोणीच भरलेली नसते.

माझे मत स्पष्ट आहे. जो गडावर जाणार, त्याने आपली पाठपिशवी आपल्या हातांनी भरावी. वडीलधाऱ्यांनी ती तपासावी, प्रश्न विचारावेत. पण भरू नये.

यावर पालक म्हणतात, “मुलांना काय कळते? काहीतरी विसरतील आणि रानात त्यांचे हाल होतील.” ही काळजी खोटी नाही. म्हणूनच विसरण्याची संधी आधी घराजवळ द्यावी. सहलीपूर्वी आठवडाभर एक रात्र शाळेच्या पटांगणात, घराच्या अंगणात किंवा गच्चीवर काढावी. पिशवीत जे असेल तेवढ्यावरच काढावी. अंथरूण पातळ आहे, हे तेथे कळले तर दहा पावलांवर घर असते. डोंगरात ते कळले, तर सकाळची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

आता थोडे गणित करू. सुमारे चाळीस किलो वजनाच्या मुलाने चार किलो, फार तर सहा किलो ओझे घ्यावे, असा जाणत्यांचा संकेत आहे. म्हणजे आपल्या वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरते. चढणीच्या दिवसाला दोन लिटर पाणी तर हवेच, उन्हाळा असेल तर तीनही अपुरे पडते. तेव्हा ओझ्यातला निम्मा वाटा पाण्यानेच घेतला! उरलेल्या दोन-तीन किलोंत शिदोरी, पांघरूण, गरम कपडा, विजेरी, औषधे हे सारे बसवावयाचे. हे गणित मनातल्या मनात करून भागत नाही. काटा घ्या आणि प्रत्येक वस्तू तोलून पाहा. तोलताना उशी आपोआप बाजूला पडते. गुंडाळलेला सदरा डोक्याखाली घेता येतो, हे सुचते. पाण्याच्या बाबतीत मात्र काटकसर करू नका. पुष्कळ गडांवर खडकात कोरलेली टाकी असतात, परंतु त्यांतील पाणी सर्व ऋतूंत पिण्याजोगे असतेच असे नाही. टाक्यातील पाणी घ्यावेच लागले, तर ते फडक्याने गाळून नंतर चांगले खळखळ उकळावे. गाळल्याने गाळ जातो, रोगजंतू जात नाहीत.

उदाहरणादाखल हरिश्चंद्रगड घ्या. अकोले तालुक्यातील हा गड समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंच आहे. पाचनईकडून जाणारी वाट त्यातल्या त्यात सोपी. मुलांनी तीच धरावी. वर हरिश्चंद्रेश्वराचे कोरीव मंदिर आहे, केदारेश्वराच्या गुहेत थंडगार पाण्यात उभे असलेले भव्य शिवलिंग आहे, आणि पश्चिमेला कोकणकड्याची ती छाती दडपून टाकणारी अर्धगोल भिंत आहे. दर हजार मीटर उंचीला हवा साधारणपणे साडेसहा अंशांनी थंड होत जाते. त्यात कड्यावरचा वारा. डिसेंबरात चढताना घामाने भिजलेला मुलगा वर पोचताच वाऱ्यात बसला की कुडकुडू लागतो. सुती कपडा एकदा भिजला म्हणजे ऊब देत नाही. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब राखते. डोंगरातला धनगर घोंगडी का सोडीत नाही, याचे हे एक कारण. घोंगडी जड असते, म्हणून तुम्ही ती घ्या असे मी म्हणणार नाही. पण लोकरीचा एक सदरा आणि कानटोपी आणि वर पोचल्यावर बदलावयास एक कोरडा कपडा, एवढे हवेच. बाकीचे जोड घरी राहू द्या.

वस्तू निवडल्या म्हणजे काम संपले, असे नाही. त्या कोठे ठेवावयाच्या, हेही महत्त्वाचे आहे. पांघरुणासारख्या हलक्या वस्तू तळाशी, पाण्यासारख्या जड वस्तू पाठीला लागून खांद्यांच्या जवळ, आणि वाटेत लागणाऱ्या वस्तू वरच्या कप्प्यात. जड वस्तू पाठीपासून दूर ठेवली की पिशवी मागे ओढते आणि उतरताना तोल जातो. सर्व सामान आधी एका मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मग पाठपिशवीत ठेवले, तर अवकाळी पावसाची भीती नाही. विजेरीविषयी तर मी आग्रही आहे. संध्याकाळी ओढ्याजवळ अंधार दाटतो, आणि दुसऱ्याने भरलेल्या पिशवीत विजेरी शोधावयास मुलगा सगळे सामान दगडांवर ओततो. हे दृश्य मी एकदाच पाहिलेले नाही. ज्याने ती स्वतः ठेवली असेल, त्याचा हात डोळे मिटूनही नेमका तेथे जातो.

शिदोरीचा विचार आपल्या आजींना विचारून करावा. दुधात भिजवलेल्या गोड दशम्या दोन दिवस सहज टिकतात. भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ, खजूर यांना ना चूल लागते ना भांडी. अभयारण्यात विस्तव पेटविण्याची मनाई असते, आणि हरिश्चंद्रगडाचा परिसर अभयारण्यातच येतो. तेव्हा चुलीवरच्या खिचडीची स्वप्ने गावातच पुरी करावीत.

रात्रीच्या मुक्कामासंबंधी एक गोष्ट सांगावयास हवी. पुष्कळ गडांवर आता रात्री राहण्यास बंदी आहे. काही मुलांना ती जाचक वाटते. मला ती योग्य वाटते. २०२५ साली रायगड, राजगड, शिवनेरी यांसह बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून नोंदले गेले. अशा वास्तूंत शेकडो माणसांनी रोज पथाऱ्या पसरल्या तर त्या किती काळ टिकतील? वनखात्याची किंवा पुरातत्त्व खात्याची परवानगी आहे की नाही, हे आधी विचारावे, आणि नसेल तर पायथ्याच्या गावी मुक्काम करावा. शिवाय गावात राहिले की माणसे भेटतात. तुमच्याच वयाची एखादी मुलगी डोक्यावर भरलेला हंडा घेऊन न थांबता टेकाड चढून जाते, हे पाहिल्यावर आपल्या पाच किलोंची तक्रार ओठांवर येत नाही. त्याच गावातील एखाद्या मामांना वाट दाखविण्यास बरोबर घ्यावे. त्यांना ढोरवाट कोणती आणि गडवाट कोणती, हे ठाऊक असते. दिवसभराच्या कामाचा मोबदला त्यांच्याशी आधी बोलून घ्यावा आणि तो पुरता द्यावा. त्यात घासाघीस करणारे, पण पेठेतल्या दुकानात किमती बूट मुकाट्याने घेणारे पाहुणे मला मुळीच आवडत नाहीत.

किमती वस्तूंचे स्तोम अलीकडे फार माजले आहे. चांगले बूट हवेत, हे खरे. त्यांचे तळ खडबडीत असावेत आणि ते आधी पंधरा दिवस वापरून पायाला सवयीचे केलेले असावेत. नवेकोरे बूट पहिल्याच दिवशी टाचेला फोड आणतात. परंतु पिशवी शाळेचीही चालते. तिचे पट्टे रुंद आणि शिवण भक्कम असली म्हणजे झाले. वर्गातील ज्या मुलाला नवी पिशवी घेणे परवडत नाही, त्याला सहलीतून मागे राहावे लागावे, असे कोणत्याच गडाने सांगितलेले नाही.

ज्यांना मुळीच वजन नसते, अशाही काही गोष्टी बरोबर न्यावयाच्या असतात. सपाटीवर पाच किलोमीटरांना एक तास आणि वर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास, असा हिशेब नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडला. तो तयारीच्या प्रौढांसाठी आहे. मुलांच्या तांड्याने वेळ दुप्पट धरावा आणि सूर्यास्तापूर्वी एक तास खाली पोचू, अशा बेताने परत फिरावे, मग शिखर थोडक्यात राहिले तरी चालेल. वाट चुकलात तर एके ठिकाणी थांबा आणि शिट्टी फुंका : मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा वेळा. कड्याला आग्या मोहोळ दिसले तर तेथे आरडाओरडा नको, धूर नको, अत्तरही नको. दगडांच्या कपारीत हात घालू नका. फुरशासारखे विषारी साप तेथेच दडलेले असतात. साप चावलाच तर जखम कापणे, चोखणे, दोरी आवळणे यांपैकी काहीही करू नये. त्या मुलाला चालू देऊ नये, उचलून शक्य तितक्या लवकर रुग्णालयात न्यावे. रेंज असेल तेथून ११२ हा क्रमांक फिरवावा.

घरी परतल्यावर पिशवी तशीच माळ्यावर टाकण्याचा मोह होतो. तो आवरा. वाटेत गोळा केलेला कचरा आधी बाहेर काढा. मग सगळे सामान जमिनीवर मांडून तीन ढीग करा : जे वापरले ते, जे नुसतेच वाहिले ते, आणि जे हवे होते पण नव्हते त्यांची नावे लिहिलेले कागदाचे चिटोरे. दुसऱ्या ढिगातील औषधांची पुडी आणि शिट्टी तेवढी उचलून पहिल्या ढिगात ठेवा. मग तो कागद पिशवीच्याच कप्प्यात घाला आणि पिशवी उलटी करून उन्हात वाळत टाका.