यंत्र शहाणे झाले, घराचे काय?

हैदराबादला उन्हाळा नवा नाही. २ जून १९६६ रोजी या शहरात ४५.५ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले, त्याची आठवण वडीलधारी मंडळी अजूनही काढतात. बदलले आहे ते उन्हाळ्याला तोंड देण्याचे साधन. माठ, वाळ्याचा पडदा आणि गच्चीवरची अंथरुणे यांच्या जागी प्रथम कूलर आला, मग वातानुकूलन यंत्र, म्हणजे आपल्या तोंडी बसलेला ‘एसी’ आला, आणि आता त्यालाही ‘स्मार्ट’ हे विशेषण लागले आहे. हा एसी मोबाईलवरून चालू होतो, खोलीत माणूस आहे की नाही हे ओळखतो, आपल्या सवयी लक्षात ठेवतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने या प्रगतीचे कौतुक करावे हे योग्यच. परंतु हे शहाणपण नेमके कोठे येऊन बसले आहे आणि अंबरपेठेसारख्या वस्तीत ते कोणाच्या उपयोगी पडते, हा प्रश्नही त्यानेच विचारायला हवा.

प्रथम यंत्राचे श्रेय यंत्राला देऊ. जुन्या एसीला दोनच गोष्टी ठाऊक होत्या : पूर्ण वेगाने चालणे किंवा बंद पडणे. नव्या ‘इन्व्हर्टर’ पद्धतीत विजेची वारंवारता बदलून कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त केला जातो. सायकलस्वाराने दर वेळी थांबून पुन्हा जोर लावण्यापेक्षा संथ पण सतत पायडल मारावे, तसे हे आहे. त्यामुळे वीज खरोखर वाचते. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशात नवे एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हावेत असा नियम झाला. तापमान एका अंशाने वर ठेवले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्यूरोचा हिशेब आहे. म्हणजे १८ अंशांवर एसी लावून दुलई पांघरणाऱ्या माणसाला कोणतेही यंत्र शहाणे करू शकत नाही. त्याने स्वतःच बोट आवरले पाहिजे.

हा हिशेब मध्यमवर्गीय घरात उतरवून पाहू. चांगल्या प्रतीचा दीड टनी एसी सरासरी ताशी अर्धा ते पाऊण युनिट वीज घेतो असे धरले, तर रोज आठ तासांप्रमाणे महिन्याला १२० ते १८० युनिटे होतात. त्यात पंखे, फ्रिज, दिवे, मोटर आलेच. तेलंगणात २०२४ साली सुरू झालेल्या गृहज्योती योजनेत पात्र कुटुंबांना २०० युनिटांपर्यंत वीज विनामूल्य मिळते. ही मर्यादा ओलांडली की त्या महिन्याचे पूर्ण बिल भरावे लागते. अशा घरात एका युनिटाचा फरकही मोठा ठरतो. तेव्हा महिन्याच्या पंधरा तारखेला ‘आतापर्यंत इतकी युनिटे झाली’ असे सांगणारा साधा मीटर हे त्या गृहिणीच्या दृष्टीने खरे शहाणे यंत्र होय. एसीला हुकूम सोडणारा मोबाईल तिच्या काय कामाचा?

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. घर तापवण्या-थंड करण्याच्या साधनांत हे जे शहाणपण आले, त्याचा जन्म आपल्याकडचा नाही. २०११ साली अमेरिकेत ‘नेस्ट’ नावाचा, घरच्या माणसांच्या सवयी शिकणारा थर्मोस्टॅट बाजारात आला आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. त्या देशात बहुतेक ठिकाणी एकच यंत्रणा संपूर्ण घर हिवाळ्यात तापवते आणि उन्हाळ्यात थंड करते. माणसे कामाला गेली तरी ती रिकाम्या घरासाठी चालू राहते. तेथे ‘घरात कोणी नाही, आता यंत्र मंद करतो’ हे शहाणपण पैसे वाचवते. आपल्या घरात तापवण्याचा प्रश्न आंघोळीच्या पाण्यापुरता. बंब गेला, गीझर आला, इतकेच. आणि थंड होते ती एक खोली, तीही रात्री, सगळे कुटुंब त्या एका खोलीत गोळा झाल्यावर. बाहेर पडताना बटण बंद करायला आपल्याकडे आई पुरेशी आहे! जे नुकसान आपण करतच नाही, ते वाचवून देणारे यंत्र विकत घेण्यात कोणते शहाणपण?

मग आपले नुकसान कोठे होते? ते होते डोक्यावर. अंबरपेठेतील वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या कोणालाही विचारा. दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब रात्री अकरापर्यंत आग ओकत असतो आणि बिचारा एसी त्या स्लॅबशी झुंजत असतो. मराठवाड्यातून इकडे आलेल्या आपल्या पूर्वजांची घरे माळवदाची होती. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. आमच्या कानडी बांधवांच्या मुलखातही तसलेच मातीचे सपाट छप्पर असते आणि ते त्याला ‘माळिगे’ म्हणतात. घर जसे सारखे तसा शब्दही जवळचा! या जाड छपरातून दुपारचे ऊन आत झिरपायला इतका वेळ लागे की तोवर संध्याकाळ होई. इतके लांब जायला नको. शेजारच्या उस्मानिया विद्यापीठाची १९३९ मध्ये खुली झालेली कला महाविद्यालयाची इमारत पाहा. तिच्या जाड दगडी भिंती, उंच छत आणि सावलीचे व्हरांडे पाहिले की गारवा ही बांधकामातूनही मिळणारी वस्तू आहे हे कळते.

दुसरे नुकसान गल्लीचे. एसी उष्णता नाहीशी करत नाही, तो ती फक्त बाहेर हलवतो. खोलीतून चार भाग उष्णता काढायला एक भाग वीज लागली, तर बाहेर पाच भाग उष्णता पडते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम येथे सुटी घेत नाही. अंबरपेठेच्या अरुंद गल्ल्यांत ती उष्णता समोरच्याच्या खिडकीत जाते, आणि त्या खिडकीमागे कदाचित नुसता पंखा असतो. २०१९ साली केंद्र सरकारने शीतकरणाचा राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्या वेळी देशातील शंभर घरांपैकी साधारण आठ घरांतच एसी होता, आणि २०३७-३८ पर्यंत थंडाव्याची एकूण मागणी सुमारे आठपट होईल असा त्याचा अंदाज होता. एकाचा गारवा म्हणजे दुसऱ्याचा उकाडा, हे गणित आठपट झाले तर आपल्या गल्लीचे काय होईल?

यावर कोणी म्हणेल, ‘म्हणजे पुन्हा मातीच्या घरांत जायचे काय?’ तसे मुळीच नाही. पन्नास-साठ अंशांनी तापणाऱ्या गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा थर देणे हेही विज्ञानच आहे. २०१७ साली याच शहरात, देवरकोंडा बस्तीतील २५ गरीब घरांच्या छपरांवर असा प्रयोग झाला आणि घरातील हवा सरासरी २ अंशांनी थंड राहिल्याचे दिसले. २०२३ मध्ये तेलंगणा सरकारने ‘शीतल छत’ धोरण जाहीर केले. धोरण स्तुत्य आहे. मात्र खासगी निवासी घरांपैकी ज्यांचा भूखंड ६०० चौरस यार्ड किंवा त्याहून मोठा, त्यांनाच ते बंधनकारक आहे. शे-दीडशे गजांच्या जागेवर चार मजले उभ्या असलेल्या आपल्या वस्तीला ते ऐच्छिक. जेथे उकाडा सर्वांत जास्त, तेथे नियम सर्वांत सैल!

विजेच्या दराचेही तेच. २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार स्मार्ट मीटर बसलेल्या ग्राहकाला दिवसा, सूर्यप्रकाशाच्या तासांत, वीज किमान २० टक्क्यांनी स्वस्त आणि जास्त मागणीच्या तासांत महाग मिळावी अशी कल्पना आहे. सौरऊर्जेच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध आहे. पण दिवसा घराला कुलूप असते आणि स्लॅब तापतो तो रात्रीसाठी. छप्पर न सुधारता नुसता मीटर शहाणा केला, तर त्याचा दंड वरच्या मजल्यावरचा भाडेकरू भरणार.

म्हणून माझे म्हणणे इतकेच, की शहाणपणाचा क्रम चुकू नये. आधी छप्पर, मग खिडकीवरची सावली, मग पंखा आणि शेवटी एसी. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नवा ‘बीएलडीसी’ पंखा ३० च्या आसपास. रोज पंधरा तास चालणारे तीन पंखे बदलले तर महिन्याला ६० युनिटे वाचतात. कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत कूलर उत्तम काम करतो, दमट हवेत करत नाही. हवेतील आर्द्रता पाहून आपोआप पाणी थांबवणारा स्वस्त कूलर आपल्यापैकी कोणी बनवला, तर तो येथल्या मातीतला ‘स्मार्ट’ ठरेल. गारवा सार्वजनिकही असू शकतो. बाग अंबरपेठेतील राडारोड्याने बुजलेला बतुकम्मा कुंटा २०२५ मध्ये पुन्हा पाण्याने भरला. त्याला रिमोट नाही, तरी त्याच्या काठची हवा सर्वांची आहे.

विद्यार्थी मित्रहो, यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची वाट पाहू नका. येत्या उन्हाळ्यात मराठी आणि कानडी विभागांनी मिळून दहा घरे निवडावीत, घरमालकांना विचारून पाच गच्च्यांवर चुन्याची सफेदी द्यावी आणि पाच तशाच ठेवाव्यात. दुपारी तीनला आणि रात्री दहाला साध्या तापमापकाने खोलीचे तापमान टिपावे. खर्च चुन्याचा आणि घामाचा. ते आकडे दोन्ही भाषांत पुढच्या अंकात छापले, तर भाडेकरूला घरमालकाशी बोलायला निदान एक पुरावा मिळेल.