वस्तुविचार : पारदर्शक अलाइनरची ताकद कोणत्या कसोटीवर मोजावी?

दात सरळ करण्यासाठी तारांऐवजी वापरल्या जाणाऱ्या पारदर्शक अलाइनरची, म्हणजे दातांच्या ओळीवर चपखल बसणाऱ्या आणि रुग्णाला स्वतःच्या हाताने काढता-घालता येणाऱ्या पातळ प्लास्टिकच्या साच्याची, जाहिरात करताना तो किती मजबूत आहे हे ठळकपणे सांगितले जाते. परंतु या एका दाव्यात दोन निराळे गुण मिसळलेले असतात. न तुटणे हा त्यांतला एक, आणि दातावर आणलेला जोर दिवसेंदिवस टिकवून धरणे हा दुसरा. उपचाराचे यश प्रामुख्याने दुसऱ्या गुणावर अवलंबून असते, आणि ग्राहकाला नेमकी त्याचीच माहिती मिळत नाही.

प्लास्टिकची ताकद मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धती ठरलेल्या आहेत. पट्टी ओढून तुटेपर्यंतचा ताण मोजणे किंवा ती वाकवून तिचा ताठरपणा मोजणे या चाचण्या साधारणतः २३ अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत केल्या जातात. तोंडातले तापमान मात्र ३७ अंशांच्या आसपास असते, तिथे लाळेमुळे ओलावा अखंड असतो, आणि अलाइनर दिवसातले सुमारे २२ तास घालावयाचा असल्यामुळे एका आठवड्यात तो १५४ तास त्या उबदार ओलाव्यात राहतो. जेवणासाठी आणि दात घासण्यासाठी तो दिवसातून चार वेळा काढला-घातला, तर दोन आठवड्यांत ५६ वेळा तो कडांपाशी ताणला जातो. कोरड्या खोलीतला आकडा खोटा नसतो. पण तो भलत्याच परिस्थितीचा असतो, आणि त्यावरून दोन पदार्थांची तुलना करणे म्हणूनच फसवे ठरते.

अलाइनरसाठी मुख्यतः दोन कुळांतले पदार्थ वापरात आहेत. पहिला पीईटीजी, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या पीईटी प्लास्टिकमध्ये ग्लायकॉलचा बदल करून काचेसारखा पारदर्शक ठेवलेला पदार्थ. तो स्वस्त, ताठर आणि दातांच्या साच्यावर सहज बसणारा आहे, पाणी कमी शोषतो, पण वारंवार वाकवल्यास त्याच्या कडांना बारीक भेगा पडू लागतात. दुसरा पॉलियुरेथेन, हा अधिक चिवट असतो, फाटण्यास दाद देत नाही, मात्र पाणी जास्त शोषतो, चहा-कॉफीचे डाग लवकर धरतो, आणि साच्यावर ओढण्यापूर्वी त्याचा पत्रा नीट वाळवावा लागतो, अन्यथा त्यात बुडबुडे येतात. कॅलिफोर्नियात १९९७ मध्ये स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने अलाइनर जगभर रूढ केले. तिने आधी एकाच थराचे प्लास्टिक वापरले आणि २०१३ पासून अनेक थरांच्या पदार्थाकडे वळण घेतले. बाहेरचे थर कठीण आणि मधला थर रबरासारखा लवचीक, अशी ही थरांची रचना आता इतर उत्पादकांनीही स्वीकारली आहे.

या बदलामागचे कारण समजण्यासाठी ताण-शैथिल्य ही संकल्पना लक्षात घ्यावी लागते. एखादा पदार्थ ठरावीक मापाने ताणून तसाच धरून ठेवला, तर त्याचे माप बदलत नाही, पण आतला जोर हळूहळू ओसरतो. नव्याने विणलेल्या बाजेची नवार काही दिवसांच्या वापराने सैल पडते, तसाच हा प्रकार आहे. प्लास्टिकचे लांबलचक रेणू एकमेकांवरून सरकत आपापली सोय लावून घेतात, आणि उष्णता व पाणी या सरकण्याला हातभार लावतात. इटलीतील फेरारा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार पदार्थ २४ तास ताणाखाली ठेवून पाहिले, तेव्हा सर्वांचाच जोर कमी झाला आणि त्यातली मोठी घसरण पहिल्या आठ तासांत झाली. एकाच थराच्या पदार्थांचा आरंभीचा जोर बराच जास्त होता. दोन थरांच्या पदार्थांचा जोर मुळात कमी, पण अधिक स्थिर होता.

दाताला हवा असतो तो हा स्थिर जोर. दात जबड्याच्या हाडात एका तंतुमय आवरणाने धरलेला असतो, आणि तो सरकतो तेव्हा एका बाजूचे हाड झिजते व दुसऱ्या बाजूला नवे भरून येते. ही जिवंत प्रक्रिया असल्यामुळे तिला मोठा धक्का नव्हे, तर हलका आणि सतत दाब लागतो. दंतव्यंगोपचाराच्या पाठ्यपुस्तकांत दात नुसता कलवण्यासाठी ३५ ते ६० ग्रॅम, मुळासकट सरकवण्यासाठी ७० ते १२० ग्रॅम आणि हाडात आत दाबण्यासाठी अवघा १० ते २० ग्रॅम इतका जोर पुरेसा मानला जातो. निकेल-टायटॅनियमची तार १९७०च्या दशकात या उपचारात आली आणि टिकली, ती वाकल्यानंतरही जवळजवळ सारखाच जोर देत राहते म्हणून. पहिल्या संध्याकाळी दात दुखवणारा आणि तिसऱ्या दिवशी निव्वळ झाकण होऊन बसणारा अलाइनर कितीही न तुटणारा असला, तरी तो आपल्या कामात कमजोरच म्हटला पाहिजे.

पत्र्याचा गुण आणि तयार अलाइनरचा गुण यांतही अंतर पडते. सुमारे पाऊण मिलिमीटर जाडीचा पत्रा तापवून दातांच्या साच्यावर दाबाने ओढला जातो, तेव्हा तो सगळीकडे सारखा ताणला जात नाही, आणि काही ठिकाणी त्याची जाडी पुष्कळच घटते. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे जाडी निम्मी झाली की ताठरपणा आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून पदार्थाचे नाव सारखे असूनही दोन प्रयोगशाळांचे अलाइनर निराळे वागतात. दक्षिण कोरियातील ग्राफी या कंपनीने प्रकाशाने घट्ट होणारी राळ वापरून अलाइनर थेट त्रिमितीय छपाईने घडवण्याची वाट काढली आहे. त्यात जाडी जागोजागी हवी तशी ठेवता येते, आणि कोमट पाण्यात तो अलाइनर मऊ होऊन पुन्हा मूळ आकाराकडे येतो. मात्र छपाईनंतर तो नीट धुऊन पूर्ण घट्ट केला नाही, तर न जुळलेले रेणू तोंडात उतरण्याची शक्यता राहते, त्यामुळे इथे यंत्राइतकेच महत्त्व कारागिराच्या शिस्तीला आहे.

आता हा सगळा विचार अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरमध्ये नेऊन ठेवला, तर तुलनेची अंगे बदलतात. शहरातल्या रुग्णाचा अलाइनर तुटला, तर नवा घरपोच येऊ शकतो. रिद्धपूरच्या रुग्णाला अमरावतीच्या दवाखान्यात खेप घालावी लागते, आणि मजुरीवर जगणाऱ्या घरात त्या खेपेचा अर्थ एका दिवसाची रोजी असा होतो. त्यामुळे इथे चिवटपणाला शहरापेक्षा जास्त वजन दिले पाहिजे, आणि नुसत्या स्वस्ताईसाठी एका थराचा पीईटीजी निवडणे हा खोटा हिशेब ठरतो. वऱ्हाडातल्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि उन्हात उभ्या बंद मोटारीतला डॅशबोर्ड त्याहून कितीतरी तापतो. पीईटीजी सुमारे ८० अंशांना काचेसारखी अवस्था सोडून मऊ पडतो, पण आकार किंचित बिघडण्यास त्याहून कमी उष्णताही पुरते, आणि एका दाताला पाव मिलिमीटर सरकवण्यासाठी घडवलेल्या वस्तूत किंचित बिघाड हा मोठाच बिघाड असतो. अलाइनर तोंडात ठेवून घेतलेला कढत चहा तीच हानी रोज थोडी थोडी करतो. खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे मिश्रण, खाणाऱ्याच्या अलाइनरखाली सुपारीचे कण आणि चुना अडकून पृष्ठभाग घासला जातो, तर मोर्शी-वरुडच्या संत्र्याचा आंबट रस आत साठून लाळेने धुतला न गेल्यामुळे दातांचे कवच विरघळू लागते. यांतली एकही गोष्ट २३ अंशांच्या खोलीतल्या चाचणीत दिसत नाही.

तोंडातल्या परिस्थितीत पदार्थ किती टिकतो, ही माहिती महाराष्ट्राला परदेशातून मागवावी लागेल असेही नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेलेली लक्ष्मी डेंटल ही मुंबई परिसरातली कंपनी अलाइनर बनवते, आणि तिच्या समूहातून 'टॅग्लस' नावाने अलाइनरचे पत्रेही तयार होतात. पत्रा इथे, साचा इथे आणि रुग्णही इथे असताना ३७ अंशांच्या पाण्यात एक आठवडा ठेवल्यानंतर किती टक्के जोर उरतो, हा एक आकडा पाकिटावर छापण्याची मागणी कोणत्याही उत्पादकाला जड वाटण्याचे कारण नाही. पाकिटातली सूचना मराठीत असणे हे तर त्याहूनही सोपे आहे. मराठी भाषा विद्यापीठ ज्या रिद्धपूरमध्ये उभे राहिले, तिथल्या रुग्णाला पदार्थाचे नाव, तापमानाची मर्यादा आणि बदलण्याची मुदत परभाषेत वाचावी लागावी, हे मुळीच पटण्यासारखे नाही.

नागपूर, अमरावती, अकोला आणि सावंगी मेघे इथल्या दंत महाविद्यालयांना या कामात हात घालता येईल. दर आठवड्या-पंधरवड्याला बदललेले अलाइनर रुग्ण फेकून देतात. तेच परत घेऊन त्यांची उरलेली जाडी, कडांवरच्या भेगा, डाग आणि शिल्लक ताठरपणा मोजला, आणि सोबत रुग्णाचे गाव, ऋतू व खाण्यापिण्याच्या सवयी नोंदवल्या, तर वऱ्हाडच्या तोंडात कोणता पदार्थ टिकतो याचे उत्तर पदव्युत्तर प्रबंधांतूनच मिळू लागेल. या अभ्यासात रिटेनरचा, म्हणजे उपचार संपल्यावर दात मागे फिरू नयेत म्हणून रात्री घालावयाच्या साच्याचा, स्वतंत्र विचार करावा लागेल; कारण त्याने दात सरकवायचा नसून महिनोन्‌महिने न झिजता, न तडकता नुसता धरून ठेवायचा असतो, आणि म्हणून अलाइनरसाठी उणा ठरलेला ताठर पदार्थ तिथे योग्य ठरू शकतो.