परिषदांचा हंगाम, अनुदानाचे अर्ज आणि आपण



गणपतीची आरती झाली, प्रसादाची रांग लागली की सिंगापूरच्या मराठी माणसांत दोनच विषय निघतात. पहिला घरभाडं. दुसरा, "अरे, नोकरी किती दिवस करायची? स्वतःचं काहीतरी सुरू करू या का?" दुसऱ्या विषयाला हल्ली एक नवीन शेपूट जोडलं गेलं आहे. "ग्रीन मध्ये खूप स्कोप आहे म्हणे! आणि सरकार पैसे पण देतं!"

ऑफिसच्या ई-मेलमध्येही हेच दिसतं. एकीकडे पर्यावरण, पाणी, ऊर्जा यांवरच्या परिषदांची निमंत्रणं, दुसरीकडे लघुउद्योगांना अर्थसाहाय्य कसं मिळतं यावरच्या कार्यशाळांची. आम्ही चार इंजिनियर मित्र (एक सांगलीचा, एक नाशिकचा, एक पुण्याचा आणि एक लातूरचा) यातल्या बऱ्याच ठिकाणी जाऊन आलो, थोडे पैसे घालवून आलो आणि थोडं शहाणपण घेऊन आलो. ते इथे मांडतो आहोत. यात उपदेश नाही, हिशेब आहे.

पाण्यापासून सुरुवात

या दोन प्रकारच्या निमंत्रणांचा एकमेकांशी काय संबंध, असं आम्हालाही वाटायचं. परिषदेत प्राध्यापक आणि मंत्री, कार्यशाळेत दुकानदार आणि हिशेबनीस! पण सिंगापूरच्या पाण्याची गोष्ट पाहिली की धागा लगेच सापडतो.

या बेटाला स्वतःची मोठी नदी नाही, भूजलही नावापुरतंच. १९६२ च्या करारानुसार जोहोरमधून दिवसाला २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी घेता येतं, आणि तो करार २०६१ ला संपतो. १९६१ चा आधीचा करार २०११ ला संपलाच. म्हणजे घड्याळ समोर टांगलेलं आहे. म्हणून इथे सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायचं संशोधन झालं, २००३ मध्ये न्यूवॉटरचे कारखाने सुरू झाले, २००५ मध्ये तुआसला समुद्राचं पाणी गोडं करणारा पहिला प्रकल्प आला, २००८ मध्ये मरिना बराज झाला. त्याच २००८ मध्ये 'सिंगापूर इंटरनॅशनल वॉटर वीक' ही परिषद सुरू झाली. गरज, संशोधन, कारखाना आणि मग परिषद, असा हा क्रम आहे. परिषद म्हणजे नुसती भाषणं नाहीत. जे घरी जमलं ते जगाला विकण्याचा तो बाजार आहे.

आमच्यातल्या लातूरकराला हे सगळं पाहताना दरवेळी एप्रिल २०१६ आठवतो. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं ते दिवस. पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि त्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्याची आई तेव्हा घागरी मोजत होती, आणि हा इथे तुआसच्या प्रकल्पाचे आकडे वाचत होता. "आपल्याकडे पाऊस कमी नाही रे, हिशेब कमी आहे," असं तो म्हणाला, आणि तिथूनच आमच्या डोक्यात कल्पना आली: मोठ्या इमारतींच्या पाण्याच्या मीटरचे आकडे वाचून गळती लवकर ओळखणारं सॉफ्टवेअर.

परिषदेत जाऊन काय मिळतं?

कोणत्या परिषदा कधी असतात ते आधी सांगतो. वॉटर वीक २०१२ पासून दर दोन वर्षांनी, सम वर्षी भरतो (२०२० चा करोनामुळे २०२१ मध्ये ऑनलाइन झाला, तेवढा अपवाद). ऊर्जेवरचा 'सिंगापूर इंटरनॅशनल एनर्जी वीक' दरवर्षी ऑक्टोबरात असतो. नवउद्योगांसाठीचा 'स्विच' अलीकडे ऑक्टोबरच्या शेवटी येतो. त्यामुळे गणपती-नवरात्र आटोपलं की इथे परिषदांचा हंगाम सुरू होतो, असं म्हणायला हरकत नाही.

पूर्ण परिषदेचं शुल्क आपल्या खिशाला झेपणारं नसतं. बहुधा प्रदर्शनाच्या दालनांसाठी वेगळी नोंदणी असते, आणि आपल्यासारख्यांना खरा उपयोग तिथेच होतो. आमचा अनुभव असा की व्यासपीठावरच्या भाषणांपेक्षा दालनातल्या तरुण विक्रेत्याला "तुमचं गिऱ्हाईक कोण? ते पैसे का देतात?" असं विचारलं तर जास्त कळतं.

आणि उत्तर जवळजवळ नेहमी एकच येतं: नियम. उदाहरणार्थ, वर्षाला ६०,००० घनमीटर किंवा त्याहून जास्त पाणी वापरणाऱ्यांना २०१५ पासून पाण्याच्या वापराचा हिशेब आणि बचतीची योजना पीयूबीला द्यावी लागते. हा नियम आला आणि पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळालं. कार्बन कराचंही तसंच. २०१९ मध्ये टनाला ५ डॉलर, २०२४ पासून २५ आणि २०२६ पासून ४५ डॉलर. हा कर वर्षाला २५,००० टन किंवा अधिक उत्सर्जन करणाऱ्या मोठ्या कारखान्यांना थेट लागतो, आपल्या दुकानाला नाही. पण मोठी कंपनी स्वतःचा हिशेब देताना पुरवठादारांकडेही आकडे मागते. सिंगापूर शेअर बाजारातल्या कंपन्यांना २०२२ च्या आर्थिक वर्षापासून हवामानविषयक अहवाल देणं किंवा का देत नाही ते सांगणं भाग पडलं. त्यामुळे आज परिषदेत ज्या विषयावर चर्चा होते, तो काही वर्षांनी तुमच्या टेंडरच्या अर्जात नवीन रकाना होऊन येतो. परिषदेला जायचं ते हा रकाना आधी ओळखण्यासाठी.

कार्यशाळेत कळलेली गोष्ट

आता पैशाकडे येऊ. 'स्प्रिंग' आणि 'आयई सिंगापूर' या दोन संस्था एकत्र होऊन एप्रिल २०१८ मध्ये 'एंटरप्राइज सिंगापूर' झाली. योजनांची नावं आणि टक्केवारी दर अर्थसंकल्पात बदलतात. करोनाच्या काळात काही योजनांत ८० टक्क्यांपर्यंत खर्च मिळत होता, नंतर तो निम्म्यापर्यंत खाली आला. नव्या उद्योजकांसाठीच्या 'स्टार्टअप एसजी फाउंडर' योजनेत २०२० मध्ये रक्कम ३०,००० वरून ५०,००० डॉलर झाली, पण त्यासाठी स्वतःचे १०,००० घालावे लागत होते. म्हणून आकडे पाठ करू नका, अर्ज भराल त्या दिवशी सरकारी पानावर पाहा.

आकडे बदलतात, पण कामाची पद्धत फारशी बदलत नाही, आणि तीच बहुतेकांना माहीत नसते. ही अनुदानं बहुधा 'परतफेड' असतात. आधी अर्ज, मग मंजुरी, मग तुम्ही तुमच्या पैशाने काम करायचं, पावत्या जमवायच्या, तपासणी करून घ्यायची आणि मग त्यातला काही भाग परत मिळतो. ज्याच्या हातात सुरुवातीला पैसा नाही, त्याला अनुदान वाचवत नाही.

इथेच आम्ही आपटलो. आमच्यातल्या पीआर असलेल्या मित्राने कंपनी नोंदवली. एका सल्लागाराने सांगितलं, "काम सुरू करा, अर्ज मागून करू." आम्ही सेन्सर पुरवणाऱ्याला आगाऊ रक्कम दिली. अर्ज भरायला बसलो तेव्हा कळलं की अर्जाआधी दिलेले पैसे आणि सुरू केलेलं काम अनुदानात बसत नाही. नियम पानावर स्वच्छ लिहिलेला होता, वाचला नव्हता तो आम्हीच. कोडिंगच्या आधी रिक्वायरमेंट वाचा असं रोज ज्युनियर मुलांना सांगणारे आम्ही! सल्लागाराची फी गेली ती वेगळीच. व्यापारी संघटनांची मोफत मार्गदर्शन केंद्रं असताना आम्ही पैसे देऊन चुकीचा सल्ला विकत घेतला.

खरा प्रश्न पासचा

पण पैशापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे, आणि आरतीनंतरच्या गप्पांत ती कुणी काढत नाही. इथल्या बहुतेक उद्योग अनुदानांना कंपनीत किमान ३० टक्के हिस्सा नागरिकांचा किंवा पीआरचा असावा लागतो. ईपीवर असलेल्या माणसाला ज्या कंपनीसाठी पास मिळाला तिचंच काम करता येतं. दुसऱ्या कंपनीचे शेअर घेता येतात, पण "संध्याकाळी दोन तास आपलं काम" हे बेकायदा आहे. आमच्यातले दोघं म्हणूनच फक्त भागधारक राहिले आणि कीबोर्डला हात लावायचा नाही असं ठरवलं. परदेशी उद्योजकांसाठी 'आंत्रेपास' आहे, पण तो नावीन्य असलेल्या किंवा गुंतवणूकदारांचं पाठबळ मिळालेल्या उद्योगांसाठी. कॉफी शॉप, मसाज पार्लर, एम्प्लॉयमेंट एजन्सी यांना तो मिळत नाही.

डीपीवर आलेल्या बहिणींचं तर अजून अवघड. १ मे २०२१ पासून नोकरीसाठी त्यांना स्वतःचा वर्क पास लागतो. पूर्वीचं परवानगीपत्र पुरत नाही. त्या बदलात चांगल्या पदावरच्या कितीतरी जणी घरी बसल्या. आपल्यातल्याच एकीने अकरा वर्षं इथे प्रयोगशाळेत पाणी तपासण्याचं काम केलं होतं, तिला आता मुलाच्या शाळेत कुणी "तुम्ही काय करता?" विचारलं की गप्प व्हावं लागतं. व्यवसायासाठी एक दार उघडं आहे: ३० टक्के हिस्सा स्वतःचा, आणि एका स्थानिक माणसाला ठरलेल्या किमान पगारावर सीपीएफ भरून नोकरी. म्हणजे जिची स्वतःची नोकरी गेली, तिने आधी दुसऱ्याला नोकरी द्यायची! नियमाच्या मागचा विचार आम्हाला कळतो, इथल्या लोकांना आधी काम मिळावं हे रास्तच आहे. पण दिवाळीचा फराळ किंवा चकलीची ऑर्डर घेऊन सुरुवात करणाऱ्या घरगुती उद्योगाला हे झेपत नाही. आणि "घरूनच तर करते" म्हणून परवानगीशिवाय सुरू करू नका. डीपीवर असाल तर आधी मनुष्यबळ मंत्रालयाला विचारा. एका ऑर्डरसाठी अख्ख्या घराचा पास पणाला लावणं परवडणार नाही.

मग पीआर घ्यायचं का? इथे विषय धंद्याचा राहत नाही, मुलाचा होतो. आई-वडिलांबरोबर पीआर झालेल्या मुलाला नॅशनल सर्व्हिस करावी लागते, पूर्ण वेळ दोन वर्षं, आणि पुढे राखीव दलाचं कर्तव्य. ती टाळून पीआर सोडलं तर पुढे इथे शिकायला किंवा नोकरीला येताना ते आड येऊ शकतं. आमच्यातल्या नाशिककराचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. बाप म्हणतो, दोन वर्षं शिस्त लागेल तर बिघडलं काय! आई म्हणते, "ज्या देशात आपण राहणार की नाही हेच ठरलेलं नाही, त्या देशाची बंदूक त्याने का उचलायची?" दोघांचंही खरं आहे. अनुदानाच्या अर्जातला '३० टक्के' हा छोटा रकाना शेवटी या प्रश्नापाशी येऊन थांबतो. म्हणून आधी हा प्रश्न घरात सोडवा, मग कंपनीचं नाव शोधा.

यशाची आणि अपयशाची एकच कंपनी

'ग्रीन म्हणजे पैसाच पैसा' म्हणणाऱ्यांनी हायफ्लक्सची गोष्ट जरूर वाचावी. ऑलिव्हिया लुम यांनी १९८९ मध्ये सुमारे २०,००० डॉलर घालून पाणी शुद्धीकरणाचा धंदा सुरू केला. २००१ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, तुआसचा पहिला प्रकल्प तिनेच उभारला. मग २०१३ मध्ये तुआसप्रिंग आला, त्याला जोडून वीज केंद्र. विजेचे भाव पडले आणि कर्ज डोक्यावर बसलं. २०१८ मध्ये कंपनीने न्यायालयाचं संरक्षण मागितलं, २०१९ मध्ये गोड्या पाण्याचा प्रकल्प पीयूबीने ताब्यात घेतला, २०२१ मध्ये कंपनी गुंडाळण्याचा आदेश निघाला. हजारो सामान्य गुंतवणूकदारांची पुंजी अडकली. विशेष म्हणजे तंत्रज्ञान फसलं नव्हतं, नळाला पाणी येतच होतं. फसला तो पैशाचा हिशेब. परिषद आणि कार्यशाळा दोन्हीकडे का जायचं, याचं याहून चांगलं उत्तर आमच्याकडे नाही.

आणि घरचा रस्ता

सगळं इथेच करायला हवं असंही नाही. पुण्यात पाषाणला एनसीएलच्या आवारात 'व्हेंचर सेंटर' २००७ पासून विज्ञानावर आधारलेल्या नवउद्योगांना आधार देतं. नागपूरची 'नीरी' १९५८ पासून पाणी आणि सांडपाण्यावर संशोधन करते आहे. पुण्याच्या 'आरती' संस्थेच्या, स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्राला २००६ मध्ये लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्याला ना समुद्र लागला ना कोट्यवधींचं कर्ज. आमचा पुणेकर सध्या हाच विचार करतो आहे: सिंगापूरच्या इमारतींत शिकलेलं गळतीचं गणित पुण्यातल्या सोसायट्यांत चालेल का? टँकरला महिन्याला किती पैसे जातात हे सोसायटीच्या चेअरमनला पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे गिऱ्हाईक समजावणं तिथे सोपं आहे.

आमचं म्हणणं थोडक्यात

परिषदेला जा, पण एक प्रश्न घेऊन जा: कोणता नियम येतो आहे आणि तो पाळायला कुणाला मदत लागेल? कार्यशाळेला जा, पण आधी स्वतःचा पास, हिस्सा आणि सहा महिन्यांचा घरखर्च कागदावर मांडा. मंजुरीआधी कुणाला दमडी देऊ नका. आणि जोडीदाराला सोबत न्या. आमच्यापैकी तिघांच्या चुका बायकांनी अर्ज एकदा वाचून दाखवल्या असत्या, हे आता आम्ही जाहीरपणे कबूल करतो!

आमची कंपनी अजून छोटीच आहे. एका इमारतीचं काम मिळालं आहे, अनुदान अजून नाही. पण गेल्या महिन्यात त्या इमारतीच्या तळघरातली एक गळती आमच्या आकड्यांवरून सापडली. लातूरकराने लगेच आईला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग इकडं कधी बसवताय?"

त्याचं उत्तर आमच्याकडे अजून नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर पुढच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी जरूर भेटा. पाण्यावर बोलू, चहा आमच्यातर्फे.