विश्लेषण : ‘हरित’ इमारतीत भरदुपारी दिवे का जळतात?

बाहेर लख्ख ऊन, खिडक्यांचे पडदे ओढलेले आणि आत सगळे दिवे चालू. दर्शनी भागात हरित मानांकनाची पाटी मिरवणाऱ्या कार्यालयांतही हे दृश्य नवे नाही. उजेड पाहून दिवे मंद करणारी यंत्रणा बसवलेली असूनही असे का होते?

यंत्रणा कशी चालते?

छतावरील सेन्सर खाली किती उजेड आहे हे मोजतो. कार्यालयीन कामाला साधारण ३०० ते ५०० लक्स प्रकाश पुरतो. खिडकीतून त्यातला बराच मिळत असेल, तर दिव्यांनी फक्त उरलेली भर घालायची. ढग सरकताच दिवे वरखाली होऊ नयेत म्हणून काही मिनिटांचा विलंब ठेवला जातो. खिडकीचा उजेड फार आत पोहोचत नाही. त्यामुळे खिडकीलगतच्या दिव्यांच्या रांगेचे वायरिंग वेगळे लागते.

नियम काय सांगतात?

केंद्राच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत (ईसीबीसी) उजेड पोहोचणाऱ्या भागातील दिव्यांसाठी स्वतंत्र नियंत्रणाची तरतूद आहे. ‘ग्रिहा’, ‘आयजीबीसी’, ‘लीड’ या मानांकनांतही नैसर्गिक प्रकाश आणि वीजबचतीला गुण मिळतात.

मग बिघडते कुठे?

सेन्सर अनेकदा फर्निचर येण्याआधीच जुळवला जातो. नंतर टेबले, पार्टिशन, भिंतींचे रंग बदलतात. सेन्सरची जुळणी मात्र तीच राहते. पश्चिमेच्या काचेतून डोळ्यांवर ऊन येते, कर्मचारी पडदा ओढतात, दिवे पुन्हा पूर्ण उजळतात. दिवे अवेळी मंद झाल्याच्या तक्रारी वाढल्या, की इलेक्ट्रिशियन यंत्रणाच बायपास करतो. यात कुणा एकाचा दोष नाही. फेरजुळणी कोणाची जबाबदारी, हेच ठरलेले नसते.

सामान्यांचा संबंध काय?

मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागात लागू असलेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत हरित इमारतींना मानांकनानुसार ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव एफएसआय मिळतो. म्हणजे विकासकाला जादा बांधकाम कायमचे मिळते. त्याचा भार शहराच्या पाणी, रस्ते आणि ड्रेनेजवर पडतो. बदल्यात शहराला मिळणारी बचत मात्र सेन्सर बंद पडला की थांबते.

उपाय काय?

एलईडीमुळे दिव्यांचा वीजवापर आधीच घटला, मग ही यंत्रणा कशाला, असा युक्तिवाद होतो. त्यात तथ्य आहे. बचतीची रक्कम पूर्वीपेक्षा कमी भरते. पण दिव्यांची उष्णता एसीला उपसावी लागते आणि कार्यालये भर उन्हाच्या वेळीच चालतात. म्हणून यंत्रणा रद्द करण्याऐवजी तपासणी बदलावी. दिव्यांना स्वतंत्र मीटर, वापर सुरू झाल्यावर वर्षभराने फेरजुळणी आणि ठरावीक काळाने प्रत्यक्ष वीजवापराची पडताळणी, एवढे बंधनकारक करावे. ऊन थेट डोळ्यांवर येणार नाही अशा छज्जांनाही तितकेच महत्त्व द्यावे. सेन्सर बसवला म्हणून गुण देऊन भागणार नाही; दिवे खरोखर मंद होतात का, हे पाहूनच ते द्यायला हवेत.